चाव्या आज देतो आहे

(मिरजेतील एका मोहल्ल्याच्या कलापथकाचे अध्यक्षपद सोडताना वार्षिक सभेत केलेले भाषण)



दाराशी उभे राहिलेले सगळे आधी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि पंखा पुढेच आहे.

पत्रिकेवर ‘निरोप समारंभ’ असं छापलंय. मला न विचारता छापलंय, आणि मला ते आवडलं. पंधरा वर्षांत या संस्थेचा एकही कागद मला दाखवल्याशिवाय छापखान्यात गेला नव्हता.

नव्या पोरांसाठी सुरुवात थोडक्यात सांगतो. २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, कर्फ्यू लागला. ज्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, जिथे उरुसात सगळ्या जातिधर्माचे गवई येऊन हजेरी लावतात, त्या गावात शेजारी शेजाऱ्याच्या दाराकडे बघेनासा झाला. आम्ही पाच जण सतारीच्या कारखान्यात कामाला होतो. भोपळे पडून, हात रिकामे. पुढच्या वर्षी एक डफ आणि उसनी आणलेली ढोलकी घेऊन लक्ष्मी मार्केटपाशी पहिलं पथनाट्य केलं. प्रेक्षक कमी होते, पोलीस जास्त. बाकी इतिहास तुम्हाला माझ्याकडून इतक्या वेळा ऐकायला लागलाय की आज सुट्टी.

मी का सोडतोय याबद्दल मोहल्ल्यात दोन बातम्या आहेत. एक म्हणे तब्येत, दुसरी म्हणे रुसवा. दोन्ही खोट्या.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका मुलीने नाटक लिहिलं. बारावीच्या परीक्षेआधी साखरपुडा ठरलेल्या मुलीची गोष्ट. ती इथे बसली आहे, नाव घेत नाही. दोन महिने तालीम झाली. नाटकात सहा मुली होत्या, आणि सहाही घरी जाऊन, आयांशी, दाद्यांशी बोलून परवानग्या तिनेच काढल्या होत्या. हे काम मला पंधरा वर्षांत जमलं नव्हतं. प्रयोगाच्या आदल्या रात्री मोहल्ल्यातले दोन वडीलधारे माझ्या घरी आले. चांगली माणसं आहेत, आवाजसुद्धा चढवला नाही. “भाई, तुमारे रहते ये क्या?” एवढंच म्हणाले. मी चहा दिला. त्यांचा चहा संपायच्या आत मी ग्रुपवर मेसेज टाकला की प्रयोग रद्द. कुणाला विचारलं नाही. खरं सांगू? नाटक मी पुरतं वाचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. वाटलं, भांडेल. तिला फक्त वही हवी होती, स्क्रिप्टची, जी माझ्या कपाटात कुलपात होती. “वही द्या भाई, माझी आहे.” या संस्थेतली एखादी वस्तू ‘माझी’ म्हणून मागणारी ती पहिलीच. आणि तिला मागावी लागली.

तालमीच्या खोलीत सफदर हाश्मींचा फोटो आहे. दर १ जानेवारीला मी त्याच्यापुढे तेच भाषण करतो, तुमचं पाठ आहे. १९८९ साली त्या दिवशी साहिबाबादजवळ झंडापूरला ‘हल्ला बोल’ चालू असताना जन नाट्य मंचावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि साथीदारांनी त्याच जागी जाऊन नाटक केलं. मी दरवर्षी त्यातलं धाडस सांगायचो. यंदा फोटोकडे बघताना दुसरंच डोक्यात आलं. चौतीस वर्षांचा तो माणूस एका दिवसात गेला, तरी नाटक उभं राहिलं, कारण ते बाकीच्यांनाही येत होतं. उद्या मला काही झालं असतं, तर तुम्हाला डफ बाहेर काढायला कुलूप तोडावं लागलं असतं. बँकेत सही माझी. परवानगीचे अर्ज माझ्या नावाने. फेसबुक पेजचा पासवर्ड माझ्याकडे, आणि तो मलाही आठवत नाही.

हसू नका, पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. आपली संस्था नोंदलेली आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, कायद्याचं कलम २२. आपले खजिनदार चाचा २०१७ साली अल्लाला प्यारे झाले. परिशिष्ट एकवर ते आजही खजिनदार आहेत. चूक कार्यालयाची नाही, माझी. आजच्या सभेचा ठराव, माझा राजीनामा आणि नव्या मंडळींची संमतीपत्रं घेऊन सांगलीला जायचं आहे. जुन्या बदलाला उशीर का झाला तेही लिहून द्यावं लागेल. सोबत मी येईन. अर्ज तुम्ही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी मी लागणार नाही.

कार्यकारिणी मला ‘संस्थापक मार्गदर्शक’ करायला निघाली आहे. मेहरबानी करून नको. खुर्चीतून उठायचं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं, असलं ते पद. माझा कारखाना तिथेच आहे. सतारीची जवारी काढायला लोक येतात तसं काही विचारायचं असलं तर या. न बोलावता मी येणार नाही. निदान प्रयत्न करीन, सवय जुनी आहे.

वडीलधारे तुमच्याकडेही येतील. चहा द्या, नीट ऐका. मोहल्ला त्यांचाही आहे, कधी कधी ते म्हणतात त्यात तथ्यही असतं. फक्त उत्तर त्या रात्री देऊ नका. सभेत ठरेल म्हणा आणि खरंच सभेत ठरवा. त्या दोघांकडे मला अजून जायचं आहे. तो प्रयोग रद्द करायचा हक्क मला एकट्याला नव्हता, हे त्यांना सांगायचं राहिलंय. वर्षभर टाळलं. या जुम्म्याला नमाजानंतर जातो.

तर या चाव्या. मोठी तालमीच्या खोलीची. पितळेची कपाटाची, कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं. पावसाळ्यात डफ ढिले पडतात, प्रयोगाआधी शेकून घ्या. आणि ही तिसरी कशाची आहे ते मलाही माहीत नाही, पण पंधरा वर्षं जुडग्यात आहे, म्हणून देतो.