जमीन वाचवायची तर दारूचा हिशेब गावानेच मांडावा

(तालुक्यातील ग्रामसभांच्या मेळाव्यात नोव्हेंबर 1997 मध्ये संघटनेच्या वतीने मांडलेले म्हणणे. ज्या गावांना येता आले नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)



धान कापणीचे दिवस सोडून तुम्ही इतक्या लांबून आलात. कुणी पायी आले, कुणी बैलगाडीने. तेव्हा गोल गोल बोलण्यात वेळ घालवत नाही. आज विषय दारूचा आहे. काही गावांतून निरोप आला होता, "संघटना जमिनीची आहे, जंगलाची आहे, मग हे दारूचं काहून काढलं? ते बायांचं भांडण आहे, बायांनी पाहून घ्यावं." या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते पटल्याशिवाय पुढचं बोलून उपयोग नाही.

आपल्या भागात जमीन कशी जाते ते पहा. 1974 च्या जुलैपासून कायदा आहे की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता, गहाण ठेवता, पट्ट्याने देता येत नाही; कलेक्टरची परवानगी लागते. 1957 पासून 1974 पर्यंत गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्याचाही कायदा झाला. म्हणजे कागदावर जमीन पक्की आहे. तरी तुमच्याच गावात नजर टाका. सातबारा मालकाच्या नावावर आणि धान दुसऱ्याच्या खळ्यावर, असं एक तरी शेत निघेल. हे विक्रीखताने होत नाही. आधी उधारी होते. दहा-वीस रुपयांची उधारी वहीत चढत जाते, मग एक हंगाम शेत "करायला" दिलं जातं, मग दुसरा हंगाम. तलाठ्याकडे त्याची नोंद नाही, म्हणून तक्रारही नाही. ती उधारी कशाची असते? काही बिमारीची असते, काही लग्नाची, काही बियाण्याची. आणि पुष्कळ ठिकाणी दारूची असते. ज्या दारात उधारी मिळते त्याच दारात अंगठा लागतो.

दुसरं, अतिक्रमणाच्या जमिनीचं. 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करण्याचा सरकारचा निर्णय आहे आणि आपण इतकी वर्षं त्यासाठीच भांडतो आहोत. चौकशीला माणूस आला की कसणारा शेतावर हजर पाहिजे, त्याला बोलता आलं पाहिजे, पंचनाम्यावर काय लिहिलं ते वाचून घेता आलं पाहिजे. त्या दिवशी तो पिऊन पडला असेल तर वीस वर्षांची वहिवाट एका दुपारी वाया जाते. तिसरं, घरात मोहाची बाटली सापडली की शिपायाला केस करायला कारण मिळतं. केस नको तर कोंबडी द्या, पैसे द्या. मग तोच माणूस जंगलाच्या प्रश्नावर त्या शिपायासमोर ताठ कसा उभा राहील?

म्हणून आम्ही म्हणतो, हा जमिनीचाच विषय आहे. बायांनी तो आधी ओळखला, कारण चूल त्यांच्याकडे आहे.

आता कुणी म्हणेल, "मोह तर आपला आहे. देवाला लागतो, जन्माला लागतो, मरणाला लागतो." खरं आहे. मोहाच्या झाडाला आपण कधी वाईट म्हणणार नाही. त्या झाडाने दुष्काळात लेकरं जगवली आहेत. पण पेनापुढे पानाच्या दोन्यात सांडलेला मोह वेगळा आणि रोज संध्याकाळी पैशाने मिळणारी बाटली वेगळी. ही दुसरी आपल्या आजोबांनी आणलेली नाही. इंग्रज सरकारने दारू गाळण्याचा हक्क लिलावाने विकायला सुरुवात केली. ज्याने लिलाव घेतला त्याची भट्टी कायदेशीर आणि आपल्या घरची हांडी गुन्हा. सरकारला महसूल हवा, ठेकेदाराला नफा हवा, म्हणून पिणारा वाढायला हवा. तिकडे मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला. झाडाखाली पडलेलं फूल गोळा करून ठेवण्यावरही सरकारचे निर्बंध! त्या भागात दारूचा दुकानदार आणि जमीनदार पुष्कळदा एकच माणूस असायचा. दुकानात उधारी, उधारीपायी शेत, आणि मग आपल्याच शेतावर मजुरी.

तिकडच्या आदिवासींनी यावर काय केलं तेही आपल्याला माहीत पाहिजे. 1922 साली पालघरच्या किनाऱ्याच्या गावांतून देवीची एक लाट उठली. सुरगाणा, डांग करत ती सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. माणसांच्या अंगात देवी यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा. कितीतरी गावांनी दारू सोडली आणि दारूवाल्या जमीनदारांच्या कामावर जाणं बंद केलं. कुणी बाहेरचा पुढारी शिकवायला आला नव्हता. आपल्याच माणसांना कळलं होतं की दारूचं दुकान आणि वेठबिगार एकाच दोरीची दोन टोकं आहेत. पुढे पुष्कळ ठिकाणी लाट ओसरली आणि लोक पुन्हा पिऊ लागले. लाटेने सुरुवात होते. टिकवायला रोजची व्यवस्था लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बाया-माणसांनी गावोगाव मागणी केली, ठराव केले, मोर्चे काढले आणि 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. परवान्याची दुकानं बंद झाली. ही लहान गोष्ट नाही. आठवडी बाजारातून धान विकून येणारा माणूस दुकानाच्या दारातून जायचा, ते दार बंद झालं. पण काम तिथे संपलं नाही. जिल्ह्याच्या चारही बाजूंना दारू चालू आहे, तिथून पेट्या येतात. गावात गुळाचा आणि मोहाचा सडवा टाकून विक्रीची दारू निघते. लवकर तयार व्हावी म्हणून त्यात नवसागर टाकतात, युरिया टाकतात. जुन्या बाया विचारतात, "हे काय पिऊन राहिले पोट्टे?" बरोबर विचारतात.

शेजारच्या आंध्राचं पहा. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बाया साक्षरता वर्गात जमायच्या. तिथे बोलता बोलता 1992 मध्ये त्यांनी अरकाचं दुकान बंद पाडलं. तीच आग राज्यभर पसरली. 1993 मध्ये अरक बंद झाला, 1995 मध्ये पूर्ण दारूबंदी आली. आणि यंदा 1997 मध्ये सरकारने तिजोरीचं कारण सांगून ती ढिली केली. बायांची ताकद खरी होती, पण कुलपाची किल्ली हैदराबादेत होती. आपल्या दारूबंदीची किल्लीही मुंबईत आहे. म्हणून एक किल्ली गावात पाहिजे.

ती मिळायची वाट मागच्या वर्षी उघडली आहे. 24 डिसेंबर 1996 चा पंचायतींचा कायदा, अनुसूचित क्षेत्रांसाठीचा. त्यात कलम 4 मध्ये ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या हातात द्यायच्या सात गोष्टी एका खाली एक लिहिल्या आहेत. दारूबंदी करणं किंवा दारूच्या विक्रीवर आणि पिण्यावर नियंत्रण ठेवणं. गौण वनोपजाची मालकी. आदिवासीची जमीन जाऊ न देणं आणि गेलेली परत मिळवणं. गावचे बाजार. सावकारी. सामाजिक कामाच्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण. गावचे आराखडे. पहा बरं, दारू, मोह, जमीन, बाजार, सावकार, सगळे एकाच ओळीत बसले आहेत. आपल्या आयुष्यात ते असेच एकमेकांना बांधलेले आहेत. राज्यांनी आपले कायदे याच्याशी जुळवून घ्यावेत म्हणून एक वर्षाची मुदत होती. ती येत्या 24 डिसेंबरला संपते. मुंबईत काय लिहितात ते आपण पाहूच. पण गावाने आपली रीत आधी बसवली असेल तर वरून येणाऱ्या कागदाला गावाकडे पाहावं लागेल. मेंढा (लेखा) गावाने कायद्याची वाट पाहिली नाही. सगळ्यांच्या एकमताने निर्णय घ्यायचे आणि अभ्यास करून घ्यायचे, ही रीत त्यांनी आधीच बसवली आहे.

तर रीत कशी बसवायची? एकट्या माणसाने होत नाही, एकट्या बायांच्या मंडळाने होत नाही, एकट्या गावानेही होत नाही. एका गावात बंद झाली की पिणारा नाला ओलांडून दुसऱ्या गावात जातो. म्हणून आमची सूचना अशी, की एका बाजाराला जाणाऱ्या सगळ्या गावांनी मिळून बसावं. गायता, भूमिया, गावपाटील यांना पहिल्या बैठकीपासून बोलवावं. देवाला किती मोह लागतो हे तेच सांगतील आणि त्याच्या आडून विक्री होत असेल तर तेही तेच सांगू शकतील. बाया अर्ध्या असाव्यात आणि त्यांचं बोलणं आधी व्हावं. शाळेचे गुरुजी, दवाखान्याच्या नर्सबाई, पोलिस पाटील यांना कामं वाटून द्यावीत. ते मालक नाहीत, सोबती आहेत.

चार गोष्टी पक्क्या धराव्यात.

एक. विक्री शून्य. घरची असो, बाहेरची असो, गावात पैशाने किंवा धानाने दारू मिळणार नाही. देवाच्या मोहाबद्दल प्रत्येक गावाने आपसात मोकळं बोलावं. आजच्या कायद्याने या जिल्ह्यात तोही गुन्ह्यात येतो, हे लपवू नये.

दोन. जमिनीचा कोणताही व्यवहार, बटई असो की "एक हंगाम करायला", ग्रामसभेत सांगितल्याशिवाय होणार नाही. दारूच्या उधारीपायी दिलेलं शेत गाव मानणार नाही. अशा शेतांची यादी करा, नाव, गट नंबर आणि कधीपासून कोण कसतो, एवढं लिहा. ही यादी जमीन परत मिळवायच्या कामात लागेल.

तीन. मारहाण नाही, बांधून ठेवणं नाही, धिंड नाही. दंड ग्रामसभेने ठरवावा आणि तो गावच्या कोषात जमा व्हावा. विकणारी पुष्कळदा एखादी विधवा असते, तिला दुसरं काही साधन नाही. तिची हांडी फोडून तुम्ही घरी गेलात तर ती उद्या काय खाईल? 1977 च्या कायद्याने रोजगार हमीचं काम मागायचा हक्क आहे. तिच्यासह सगळ्यांचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तिला पेट्या आणून देणारा व्यापारी मात्र सोडू नका. त्याची तक्रार गावाच्या नावाने, पंधरा-वीस सह्या-अंगठे घेऊन करा, म्हणजे एकाच माणसावर राग निघणार नाही.

चार. पिणाऱ्याला टाकू नका. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम बंद करतो तेव्हा पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी काहींना नसलेलं दिसू लागतं, ते बडबडतात. ते भुताटकीचं नाही, अंगात आलेलं नाही. ती दारू सुटण्याची बिमारी आहे आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला बाजेवर टाकून लगेच दवाखान्यात न्या. नर्सबाईंचं पहिलं काम हेच, की असं कुणाला होऊ शकतं ते गावाला आधी सांगून ठेवणं. बंदी लावायच्या आधी गावातल्या अशा माणसांची घरं माहीत असली पाहिजेत.

आणखी एक. मोह वेचला की एप्रिल-मेमध्ये आपण तो पडत्या भावाने व्यापाऱ्याला देतो आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने घेतो. गावाने मोह एकत्र साठवला तर पोटाला राहील, भाव येईल आणि सडव्यासाठी बाहेर जाणार नाही. तेंदूच्या फळीवर पैसे वाटतात त्या दिवसाचंही असंच. त्या दिवशी दारूवाला बरोबर हजर असतो. तो दिवस ग्रामसभेने आधीच ओळखून ठेवावा, आणि बायांच्या मजुरीचे पैसे बायांच्या हातात पडतील असं मुंशीला बजावून सांगावं.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही, पण पहिला ठराव होऊ शकतो. 24 डिसेंबरच्या आत प्रत्येक गावाने बसावं. ठरावात तीनच वाक्यं पुरेत: आमच्या गावात दारूची विक्री बंद, दारूच्या उधारीत गेलेली जमीन आम्ही मानत नाही, जमिनीचा व्यवहार ग्रामसभेपुढे होईल. खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे, निम्मे बायांचे. एक प्रत गावात, एक तहसीलला, एक संघटनेकडे. तहसीलची पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका. पुढच्या अंकात आम्ही गावांची नावं छापू: कुणाचा ठराव झाला, कुणाला पोच मिळाली, कुणाला मिळाली नाही.

शुद्धीत असलेल्या गावाची जमीन घेणं अवघड असतं, हे सावकाराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आता ते आपण त्याला दाखवून देऊ.

जोहार. जय सेवा.