टाकीतली वाळू आणि फिल्टरमधला गाळ

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘माझा छंद’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

छंदावर बोला असं कमिटीनं सांगितलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू हसल्या. कारण माझा छंद सगळ्यांत आधी त्यांच्या न्हाणीघरात पोहोचला होता.

आमचं गाव शिवथर. दोन फुटी काचेची टाकी घेतली, तेव्हा लेकीनं हट्ट धरला की रंगीत खडे नकोत, गावच्या नदीची वाळू हवी. येताना एक पिशवी आणली. काळ्या कातळाची वाळू ती, दिसायला सुरेख. न्हाणीघरात नळाखाली धुतली. पाण्याबरोबर थोडी वाळूही गेली, पाइपाच्या वाकणात बसली आणि आठ दिवसांनी काकूंकडे पाणी तुंबलं. प्लंबरचे पैसे अर्थातच मी दिले.

आता वाळू बादलीतच धुतो. थोडी थोडी घ्यायची, ढवळायची, जरा थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी झाडांना ओतायचं. वाळू चटकन तळाला बसते, गाळ तरंगत राहतो. जुलै २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी घरातला चिखल उपसलाय, त्या महाडकरांना हे मी काय सांगणार! पाणी नितळ दिसेपर्यंत दहा-बारा वेळा धुवावी लागते. समुद्राची वाळू मात्र आणू नका. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्यानं पाणी जड होतं. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वाळू नको.

टाकीत वाळूचा थर दीड-दोन इंच पुरे. पाणी भरताना वाळूवर बशी ठेवून त्या बशीवर हळू धार सोडायची. आणि फिल्टरचं तोंड वाळूपासून दोन-तीन इंच वर. मी ते तळाशी टेकवलं होतं. वाळू आत ओढली गेली, पंपातला पंखा खरखर करायला लागला आणि महिन्याभरात झिजला. तोंडाला स्पंज लावला असता तर वाचला असता.

आता खरी चूक सांगतो. फिल्टर उघडला तर स्पंजात तपकिरी, बुळबुळीत गाळ. मला किळस आली. स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, वाळू उपसून पुन्हा धुतली, पाणी सगळं बदललं. टाकी आरशासारखी झाली. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. पाचांपैकी तीन गोल्डफिश गेले. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ‘बाबा, तुम्ही तर साफ केली होती ना?’ एवढंच म्हणाली.

नंतर कळलं, त्या स्पंजात आणि वाळूत जिवाणू राहतात. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं मी त्यांनाच मारलं होतं.

वाळणकोंडाला आपण सगळे जातो. काळ नदीच्या त्या डोहातले देवाचे मासे कुणी पकडत नाही, आणि त्यांचा डोह कुणाला धुवावाही लागत नाही, कारण नदी वाहते. टाकी वाहत नाही. फिल्टर घाण फक्त गोळा करतो, टाकीबाहेर नेत नाही. ते काम आपलं.

म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी काढतो. आधी फिल्टर बंद. मग नळी वाळूच्या बोटभर वर धरून गोल फिरवायची. हलका कचरा ओढला जातो, वाळू जागेवर राहते. वाळू चढायला लागली की नळी चिमटीत दाबायची. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, बस्स. तो तपकिरीच राहू द्या. नवं पाणी क्लोरिन घालवायचं औषध टाकून मगच ओतायचं. फिल्टर सुरू केल्यावर थोडी धूळ उडते, तासाभरात बसते. घाबरून पुन्हा उघडू नका.

उरलेले दोन मासे आता वीतभर झालेत, टाकी मोठी घ्यावी लागली. बादलीतलं घाण पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना जातं, आणि काकूंचा मोगरा यंदा चांगलाच फुललाय. कुणाला नळी हवी असेल तर माझ्याकडे आहे. बादली मात्र आपापली आणावी.