आईविना घर, एकटा बाप



पत्नी निवर्तलेल्या पुरुषासाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'विधुर' हा पुस्तकातला शब्द. व्यवहारातला शब्द 'बिजवर'. बिजवर म्हणजे दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा नवरा. या एका शब्दात समाजाची जुनी समजूत साठलेली आहे. बायको गेली की पुरुष काही काळ अडचणीत असतो. मग दुसरी येते आणि संसार पूर्ववत चालू लागतो, ही ती समजूत. तेरावे उरकते न उरकते तोच स्थळांची चर्चा सुरू होते, ती त्यामुळेच. परंतु या दोन अवस्थांच्या मधला जो काळ असतो, ज्या काळात एक पुरुष लहान लेकरांना घेऊन एकटा उभा असतो, त्या काळाला भाषेने नाव दिले नाही. ज्याला नाव नाही, त्याच्यासाठी अर्जात रकानाही नसतो.

या समजुतीची किंमत एके काळी कोवळ्या मुलींनी मोजली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, ते याच दुखण्यावर बोट ठेवीत. त्याआधी सहा वर्षे धोंडो केशव कर्वे यांनी वेगळी वाट दाखविली होती. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या, मागे मुलगा होता. कर्व्यांनी कोवळी मुलगी घरात आणली नाही. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि पुढचे आयुष्य स्त्रियांच्या शिक्षणासाठी वेचले. विधवेच्या दुःखाला वाचा फोडण्यासाठी महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या झगडा दिला. आज तिच्यासाठी ज्या योजना आहेत, त्या त्या झगड्याचे फळ आहेत, आणि त्या अजूनही अपुऱ्याच आहेत. तेव्हा विधवेच्या ताटातले काढून विधुराच्या पानात वाढावे, असे येथे कोणी सुचवीत नाही. प्रश्न एवढाच आहे : ज्याच्याकडे जमीन नाही, साठवण नाही, पुनर्विवाहासाठी खर्चायला पैसा नाही, ज्याचे पोट हातावर आहे, अशा एकट्या बापाला समाज कोणत्या रकान्यात बसविणार?

एक प्रातिनिधिक चित्र

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एकाचे नाही. आपल्या शहरांच्या कडेला असलेल्या कोणत्याही सेवावस्तीत ते दिसेल. मराठवाड्यातून आलेले एक जोडपे पुण्याच्या परिसरात बांधकामावर मजुरी करते. तो सेंट्रिंगच्या कामावर, ती बिगारी. नऊ वर्षांची मुलगी शाळेत जाते. तीन वर्षांचा मुलगा आईसोबत साइटवर, झोळीत किंवा वाळूच्या ढिगावर. एका आजारपणात ती जाते. दवाखान्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल मागे राहते.

वरवर पाहता घरातली एक मजुरी थांबली. प्रत्यक्षात दोन थांबल्या. मुलगा तापाने फणफणला, की बापाचा खाडा. रेशन दुकानात अंगठा द्यायला जायचे, तर अर्धा दिवस बुडतो. शाळेने पालकांना बोलावले, तर पुन्हा खाडा. चार खाडे झाले, की मुकादम दुसरा माणूस बघतो. स्वयंपाक, पाणी, धुणे, मुलांची आंघोळ, शेजारपाजाऱ्यांशी देवाणघेवाण, हे सारे ती करीत होती म्हणून तो महिन्याचे पंचवीस दिवस कामावर उभा राहू शकत होता. तिच्या त्या कष्टांना कधी मोल लावले गेले नाही. ते कळले ती गेल्यावर.

मग खोलीचा प्रश्न उभा राहतो. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो. खोलीमालक म्हणतो, "घरात बाईमाणूस नाही. पोरं दिवसभर दार उघडं टाकून हिंडणार. उद्या काही झालं तर आमच्या अंगाशी यायचं." यात केवळ दुष्टपणा नाही, गॅस, उघडी वीज, वयात येऊ लागलेली मुलगी, अशी भीती त्याच्याही मनात असते. परंतु दुसरी खोली शोधायची तर नवे डिपॉझिट, पुन्हा तोच प्रश्न : "मंडळी कुठे आहेत?"

अशा वेळी त्याच्यासमोर तीन वाटा उरतात. मुलांना गावी आजीकडे पाठवावे. मुलीची शाळा सोडवून तिच्या कडेवर भाऊ द्यावा. किंवा दोघांना बालगृहाच्या दारात नेऊन सोडावे. 'माय मरो पण मावशी जगो' ही आपली म्हण कुटुंबाच्या बळावर विसंबून आहे, आणि ते बळ आजही मोठे आहे. परंतु आजी स्वतः थकलेली, मावशी ऊसतोडीला गेलेली, असे असेल तर म्हणीने पोट भरत नाही. बहुतेक घरांत दुसरी वाट निवडली जाते, कारण ती निवडताना कोणाला काही विचारावे लागत नाही. नऊ वर्षांची मुलगी त्या घराची आई होते आणि तिची शाळा मुकाट्याने संपते.

बापाचे नाव कोठे नाही

शासनाच्या योजनांत हा बाप कोठे आहे, हे शांतपणे तपासले पाहिजे. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये आली. विधुरासाठी तशी केंद्रीय योजना नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रायोजकत्वाच्या मदतीस पात्र मुलांचे वर्णन करताना आई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आई नसलेल्या आणि धडधाकट पण कफल्लक बाप असलेल्या मुलाचा नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात ज्या घरात कर्ता प्रौढ पुरुष नाही, असे स्त्रीप्रमुख कुटुंब हा वंचिततेचा एक निकष होता. ज्या घरात प्रौढ स्त्री नाही, तो निकष नव्हता.

पाळणाघराचा कायदा तर अधिकच बोलका. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे, आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. मोजणी स्त्रियांची होती. म्हणजे वर सांगितलेली ती बिगारी जिवंत होती तोवर तिच्या मुलाचा पाळण्यावर निदान कागदोपत्री हक्क होता. ती गेली, त्याबरोबर तो हक्कही गेला. गरज मात्र त्याच दिवशी दुपटीने वाढली.

त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही. गरीब घरात पैसा येण्याच्या अनेक वाटा आज गृहिणीच्या नावाने आहेत. बचत गटाचे कर्ज तिच्या नावाने मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'माझी लाडकी बहीण' योजनेची रक्कम तिच्या खात्यात येते. हे योग्यच आहे, कारण तिच्या हातातला पैसा मुलांच्या ताटापर्यंत पोहोचतो. परंतु ती गेली की त्या साऱ्या वाटा एकदम बंद होतात आणि मुले तेवढीच राहतात.

लेकराच्या नावाने उघडणारी दारे

तरीही चित्र सर्वस्वी काळोखाचे नाही. काही दारे आहेत, आणि ती माहीत नसल्याने बंद राहिली आहेत.

पहिले दार राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कमावती व्यक्ती मृत्यू पावल्यास कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. सर्वांचा समज असा, की कमावती व्यक्ती म्हणजे पुरुष. परंतु या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की घर सांभाळणारी गृहिणीही कमावती व्यक्तीच मानावी. गृहिणीच्या श्रमाला शासनाने दिलेली ही मोठी मान्यता आहे. तहसील कार्यालयात पत्नीच्या मृत्यूचा दाखला घेऊन जाणाऱ्या किती विधुरांना हे ठाऊक असते?

दुसरे दार महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे. आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मृत्यू, घटस्फोट, परित्याग अशा कारणांनी एकच पालक उरलेल्या कुटुंबातील मुले तिच्यात येतात. तो पालक आईच असावा अशी अट नाही. २०२३ मध्ये तिची रक्कम मुलामागे दरमहा २,२५० रुपये झाली. दोन मुलांचे मिळून ४,५०० रुपये म्हणजे अनेक वस्त्यांत खोलीचे भाडे सुटते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा. मंजुरी बाल कल्याण समिती देते.

तिसरे दार धान्याचे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या अंत्योदय अन्न योजनेत महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. कौटुंबिक वा सामाजिक आधार नसलेल्या एकट्या स्त्रियांबरोबर एकट्या पुरुषांचाही तिच्या निकषांत उल्लेख आहे. समाजाच्या अखेरच्या माणसाचा विचार करताना त्या शब्दांना विसर पडला नाही, हे नमूद केले पाहिजे.

चौथे दार बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे. नोंदित कामगाराच्या मृत्यूनंतर विधवा पत्नीला अथवा विधुर पतीला पाच वर्षे, दरवर्षी २४,००० रुपये मिळण्याची तरतूद त्यात आहे. 'विधुर' हा शब्द येथे लिहिलेला आहे! परंतु त्यासाठी ती बिगारी बाई नोंदित असावी लागते. वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला नवऱ्याने स्वतःपुरता घेतला आणि तिचे नाव राहून गेले, तर १,२०,००० रुपयांचा आधार तेथेच निसटतो. घरात दोघे राबत असतील तर दोघांची नोंद करावी, हा धडा प्रत्येक मजूर नाक्यावर पोहोचायला हवा.

घराचे काय? 'घर पाहावे बांधून' असे म्हणतात. येथे तर ते नुसते मिळवूनच पाहायचे आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेले, देशात कोठेही पक्के घर नसलेले कुटुंब दुर्बल घटकात मोडते. बाप आणि त्याची अविवाहित मुले हेही कुटुंबच आहे. घर स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असावे हा दंडक असला, तरी कुटुंबात प्रौढ स्त्री नसल्यास ते पुरुषाच्या नावे होऊ शकते. "बायकोचे आधार कार्ड आणा" असे खिडकीवर सांगितले गेले, तर मृत्यूचा दाखला पुढे करून हा नियम दाखविता आला पाहिजे. प्राधान्याच्या यादीत विधवा, एकल महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक यांची नावे आहेत. एकट्या पित्याचे नाव तेथे यावे, ही रास्त मागणी आहे.

मागणी अशक्य कोटीतली नाही. हरियाणाने २०२३ मध्ये ४० ते ६० वर्षे वयाच्या, तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विधुरांना दरमहा २,७५० रुपये जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये पत्नी हयात नसलेल्या आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत पाळणाघराची मोजणी 'स्त्री कामगार' या शब्दाला चिकटून राहिलेली नाही. कायदा बदलतो आहे. फक्त तो ज्याच्यासाठी बदलतो, त्याच्या खोलीपर्यंत पोहोचलेला नाही.

सोबतीला कोण?

वरची सारी दारे कागदाने उघडतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचे पासबुक, रहिवासाचा पुरावा. प्रत्येक कागदामागे एक फेरी आणि प्रत्येक फेरीमागे एक खाडा. ज्याची चूलच रोजावर पेटते, त्याने सात-आठ खाडे करून मदत मिळवायची, ही विचित्र अट आहे. तिच्यावर उपाय कार्यकर्त्याच्या दोन पायांचा आहे.

वस्तीत काम करणाऱ्यांनी पुढची कामे हाती घ्यावीत. घरात बाई दगावली की सांत्वनाला जाणाऱ्यांपैकी एकाने महिन्याभरात पुन्हा जावे. कागदांची पिशवी त्याच दिवशी तयार करावी. डिपॉझिटपुरती बिनव्याजी रक्कम देणारा लहानसा फिरता निधी उभारावा आणि खोलीमालकापुढे चार ओळखीच्या माणसांनी शब्द टाकावा. अनेकदा पैशापेक्षा शब्दच उपयोगी पडतो. संस्कारवर्ग संध्याकाळी भरतात. मजुराची मुले सकाळी सातपासून एकटी असतात. तेव्हा एखादे पाळणाघर सकाळी सातला उघडावे. वस्तीतल्या निवृत्त शिक्षिका आणि आजीबाई यांना अशा कामाची हौस असते, फक्त कोणी विचारावे लागते. पुनर्विवाहाचा प्रश्न त्याच्यावर सोडावा. त्याने तो केलाच, तर कर्व्यांचे उदाहरण पुढे आहे.

आणि सर्वांत आधी त्या नऊ वर्षांच्या मुलीची शाळा पाहावी. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. त्याआधीचे सारे उपाय कुटुंबात आणि शेजारात करायचे असतात. कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्याख्यानांतून पुष्कळ होतो. तिची खरी परीक्षा आईविना राहिलेल्या त्या खोलीत होते, जेथे सकाळी सहा वाजता एक माणूस भाकरी थापायला शिकत असतो आणि त्याची मुलगी दप्तर भरावे की भावाला कडेवर घ्यावे, या विचारात दाराशी उभी असते. तिने दप्तर भरावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे.