उन्हावर चालणारे इंजिन आणि माठाचा गारवा



मुंबईच्या उन्हाने यंत्र चालवण्याचा प्रयोग सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या, मुंबईत नोकरीस असलेल्या इंग्रज गृहस्थाने सपाट आरशांची अर्धगोल रांग उभारली, तिचे ऊन बाष्पकावर एकवटले आणि सुमारे अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. 1878 साली त्याने यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. तथापि घरच्या गच्चीवर त्याचे अनुकरण कोणी करू नये. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. बंदिस्त डब्यात पाणी उकळवणे म्हणजे घरात स्फोटक ठेवणेच होय.

घरासाठी योग्य मार्ग हवेच्या इंजिनाचा. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1816 साली त्याचे पेटंट घेतले. एकाच बंदिस्त हवेला आळीपाळीने तप्त आणि शीत बाजूस न्यायचे. ती प्रसरण व आकुंचन पावते आणि दट्ट्या हलतो. एवढेच त्याचे तत्त्व.

त्याची रचना अशी. वीस सेंटिमीटर व्यासाच्या दोन धातूच्या चकत्या, त्यांच्यामध्ये तीन सेंटिमीटर उंचीचे अ‍ॅक्रिलिकचे कडे. कडे धातूचे घेतल्यास उष्णता कडेनेच पलीकडे निघून जाते. नवशिक्याची ही पहिली चूक. आत, कड्याला न घासणारी, दीड सेंटिमीटर जाडीची थर्मोकोलची तबकडी. ती एका दांडीने पुढे-मागे सरकते आणि हवेला बाजू बदलायला लावते. उन्हाकडील चकतीस काजळीसारखा निस्तेज काळा रंग द्यावा व तिच्यापुढे बोटभर अंतरावर काच बसवावी, म्हणजे वारा उष्णता पळवणार नाही. दांडी मागील, म्हणजे थंड चकतीतून पितळी नळीवाटे बाहेर काढावी, म्हणजे चाकाची सावली काळ्या चकतीवर पडत नाही. दट्ट्यासाठी काचेची सिरिंज उत्तम. ती घट्टही बसते आणि विनासायास सरकते. दट्ट्या आणि तबकडी यांच्या चालीत पाव फेरीचे अंतर ठेवावे. गतिचक्र म्हणून जुन्या सीडी चालतात.

दुसरी चूक मोठ्या दट्ट्याची. आत चारशे-पाचशे घनसेंटिमीटर हवा असेल, तर दट्ट्याने एका फेरीत दहा-पंधरा घनसेंटिमीटरच जागा व्यापावी. मोठा दट्ट्या जोर देईल हा भ्रम आहे. तापमानातील थोड्या फरकाने तो हलतच नाही. मग उत्साही मंडळी आरसे लावून ऊन वाढवतात आणि आतले थर्मोकोल मऊ पडून वाकते.

खरा उपाय मागच्या बाजूस असतो, आणि तिकडेच कोणाचे लक्ष जात नाही. 1824 साली फ्रान्सच्या सादी कार्नो याने दाखवले, की इंजिनाची कमाल कार्यक्षमता दोन तापमानांवर अवलंबून असते. काळी चकती 70 अंशांवर व मागची 30 अंशांवर असेल, तर ही मर्यादा जेमतेम बारा टक्के. मागच्या चकतीस ओले फडके गुंडाळून ती 25 अंशांवर आणली, तर मर्यादा तेरा टक्के होते आणि खर्च फक्त तांब्याभर पाणी. माठ ज्या रीतीने पाणी गार करतो तीच ही रीत. म्हणूनच मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत हे फडके रत्नागिरीच्या दमट हवेपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

आता हिशेब. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ऊन पडते. काळी चकती त्यातील निम्मे टिकवते असे धरू. बारा टक्क्यांच्या मर्यादेने साठ वॅट उरतात आणि घरगुती घर्षण-गळती पाहता पंधरा वॅट पदरी पडले तरी पुष्कळ. वर वर्णिलेल्या छोट्या इंजिनाच्या वाट्याला मुळात तीसएक वॅट ऊन येते. ते स्वतःचे चाक फिरवील, पंखा नव्हे. तेवढ्याच चौरस मीटरचे आजचे सौर पॅनेल सुमारे दोनशे वॅट वीज देते. वीजबिल वाचवण्यासाठी हे इंजिन करू पाहणाऱ्यास हे आधीच सांगितलेले बरे. स्वयंपाकासाठी तर इंजिनाची गरजच नाही. शिर्डीच्या प्रसादालयासाठी 2009 साली 73 सौर तबकड्या बसवल्या, त्या थेट वाफच तयार करण्यासाठी.

तरीही आठवी-नववीतील मुलाच्या हातात सिरिंज, सीडी आणि थर्मोकोल जरूर द्यावे. चाक अडले, तर प्रथम हवेची गळती तपासावी, नंतर दांडीचे घर्षण. आणि एकदा ते चालू लागले की काळी चकती सावलीत नेऊन दुसऱ्या बाजूस ऊन द्यावे. चाक उलट दिशेने फिरू लागते.