‘टेबल’ शब्दाचीं दोन तोंडें

नवा शब्द कानीं पडला म्हणजे माणूस कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठीं तो कोशाकडे कधींच वळत नाहीं. म्हणूनच भाषेंतले पुष्कळसे घोटाळे अनोळखी शब्दांपेक्षां घरच्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांमुळें होतात. इंग्रजींतील ‘टेबल’ हा शब्द याचें उत्तम उदाहरण होय.

या शब्दाचें मूळ लॅटिन ‘टाबुला’, म्हणजे फळी. फळीला पाय लागले तेव्हां तिचें टेबल झालें. रोमन लोक लेखनासाठींही फळ्या वापरीत. पुढें ओळीनें मांडलेल्या आंकड्यांनाही हेंच नांव मिळालें. मराठींत मात्र या एका शब्दाचे वांटेकरी अनेक: विद्यार्थ्याचे पाढे, गणित्याचें कोष्टक, आगगाडीचें वेळापत्रक. बाजी उलटली कीं इंग्रज ‘टेबलें फिरलीं’ म्हणतो. पण तें जेवणाचें टेबल नव्हे, फांशांच्या खेळाचा तो पट आहे.

येथवर सारी मौजच. खरी अडचण येते ती या नामाचें क्रियापद होतें तेव्हां. कागद टेबलावर ठेवणें ही कृति एकच. परंतु ब्रिटिश पार्लमेंटच्या परंपरेंत तिचा अर्थ विषय सभेपुढें विचारार्थ मांडणें असा होतो, तर अमेरिकेंत तो बाजूस सारणें असा होतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत तर अशी सूचना चर्चेविनाच मतास टाकली जाते, आणि ती संमत झाली कीं मूळ विषय तेथेंच संपतो.

१९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली, आणि दोन्ही राष्ट्रांचे सेनाधिकारी एकत्र बसूं लागले. त्या आरंभींच्या काळांतील एक प्रसंग चर्चिल यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासाच्या तिसऱ्या खंडांत नमूद केला आहे. ब्रिटिशांना एक टिपण तांतडीनें विचारांत घ्यावयाचें होतें, म्हणून त्यांनीं तें ‘टेबल’ करण्याची इच्छा दर्शविली. अमेरिकनांस वाटलें, तें खणांत टाकून विसरावयाचें आहे. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग उमगलें कीं दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे! युद्धकाळीं असा वेळ किती मोलाचा, हें श्रोत्यांस सांगावयास नको.

भारतीय संसदेनें ब्रिटिश वळण उचललें. ‘सभापटलावर ठेवलेला अहवाल’ असें वृत्तपत्रांत नेहमीं वाचावयास मिळतें. अहवाल सभासदांपुढें रीतसर मांडला गेला, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी कीं, संस्कृतांत ‘पटल’ म्हणजे आच्छादन. डोळ्यावर येतें तेंही पटलच. झांकणाऱ्या शब्दानें येथें उघड करण्याचें काम पत्करलें आहे!

शब्दाला अर्थ देतो तो व्यवहार. म्हणून परक्या सभेंत वा करारांत अगदीं साधा शब्द भेटला, तरी ‘येथें याचा अर्थ काय?’ असें विचारण्यांत कमीपणा नाहीं. तो प्रश्न राहून गेला म्हणजे एकाच मताचीं माणसेंही भांडत बसतात.