शिधावाटपाचे यंत्र आणि जनतेचा विश्वास
(भाषणाचा मजकूर)



सूरत हे शहर खानदेशाला परके नाही. भुसावळ-सूरत लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. खानदेशातील असंख्य कुटुंबे सूरतेच्या यंत्रमागांवर कामाला गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली आणि गावाकडच्या शिधापत्रिकेवर सूरतेत धान्य मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणूनच सूरतेतील दुकानाचे यंत्र खरे बोलते की खोटे, हा प्रश्न थेट नवापूरच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सूरत पोलिसांनी दोन स्वस्त धान्य दुकानदारांना अटक केली. शिधापत्रिकाधारकांची माहिती व बोटांचे ठसे बेकायदा आज्ञावलीत वापरून धान्यवाटपाच्या खोट्या नोंदी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु त्यातून मिळणारा धडा सर्वांचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. एका खोट्या नोंदीने पाच माणसांच्या घराचे २५ किलो धान्य कागदोपत्री उचलले जाते आणि घरातील डबा रिकामाच राहतो.

हे असे कसे घडू शकते? मोबाइलवरील कोणतेही अॅप आपल्या खालचे यंत्र प्रामाणिक आहे असे गृहीत धरून चालते. हा विश्वास दोन मार्गांनी मोडता येतो. पहिला मार्ग म्हणजे फोन 'रूट' करणे. निर्मात्याने घातलेली कुलपे तोडून यंत्रावर संपूर्ण ताबा मिळविला, की अॅपने जपून ठेवलेली माहिती वाचता येते आणि त्याला खोटी माहितीही पुरविता येते. दुसरा मार्ग 'डिबगर' जोडण्याचा. डिबगर हे मूळचे आज्ञावलीतील चुका शोधण्याचे उपयुक्त साधन. ते चालू अॅपला मध्येच थांबविते, त्याच्या स्मृतीतील आकडे दाखविते आणि बदलूही देते. तराजूवर शासनाचा शिक्का असावा, पण वजन होत असताना पारड्याखाली कोणाचा तरी हात असावा, तसाच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणून अॅप सुरू होतानाच फोन रूट झालेला आहे काय, डिबगर जोडलेला आहे काय, याची तपासणी करते. आपल्यावर दुसरी कोणती आज्ञावली पाळत ठेवून आहे, याची नोंद अँड्रॉइड प्रणालीतच असते. अॅप ती वाचू शकते. परंतु तपासणी करणारा पहारेकरीही त्याच फोनमध्ये बसलेला असतो. ज्याच्या ताब्यात फोन, तो पहारेकऱ्यालाही गप्प करू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखेच हे आहे.

म्हणून अंतिम निर्णय फोनमध्ये न होता मध्यवर्ती संगणकाकडे व्हावा लागतो. तो संगणक प्रत्येक वेळी नवा अंक पाठवितो. फोनमधील सुरक्षित कक्ष यंत्राची स्थिती आणि तो अंक यांवर आपली गुप्त मोहोर उमटवून उत्तर धाडतो. अंक दरवेळी नवा असल्यामुळे कालचे उत्तर आज चालत नाही. आधार प्राधिकरणाने २०१७ पासून नोंदणीकृत ठसायंत्रे सक्तीची करण्यामागेही हेच तत्त्व आहे. ठसा यंत्रातच कुलूपबंद होऊन त्यावर मोहोर उमटते. साठविलेला ठसा पुन्हा वापरण्यास त्यामुळे आळा बसतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेल्या निर्देशांतही अॅपची आज्ञावली सहज वाचता येऊ नये आणि दुरून ताबा घेणारी अॅप शक्यतो ओळखली जावीत, यावर भर देण्यात आला आहे.

तथापि, पहारा कडक करताना खरा धनीच दाराबाहेर राहता कामा नये. जुना फोन, झिजलेले बोट किंवा गेलेले नेटवर्क हा अपराध नव्हे. केवळ आधार-पडताळणी झाली नाही म्हणून लाभार्थीस धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिली आहे. यंत्राने नकार दिल्यास पर्यायी पडताळणी करावी व तिची स्वतंत्र नोंद ठेवावी, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

ग्रामस्थांनी प्रत्येक वेळी छापील पावती मागावी आणि तीवरील किलो व हाती पडलेले किलो ताडून पाहावेत. कारण समजल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट लावू नये. अनोळखी दुव्यावरून आलेले अॅप फोनमध्ये घेऊ नये. शिक्षकांनी निरक्षर कुटुंबांना पावती वाचून दाखवावी. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

यंत्राला मोहोर तंत्रज्ञ देतील. पण त्या मोहोरेची राखण जागरूक गावालाच करावी लागेल.