सुशेगाद आणि आमची आमसुलं

आम्ही दोडामार्ग तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. गोव्याची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या निम्म्या लेकी तिकडे दिलेल्या, आणि निम्मे मुलगे मुंबईत चाकरमानी. त्यामुळे जगण्याच्या दोन तऱ्हा आम्हाला घरबसल्या दिसतात. मुंबईचा मुलगा आला की विचारतो, "गटाचा धंदा किती वाढला?" गोव्याची लेक आली की विचारते, "आई, दुपारची जरा पडतेस ना गो?"

गोव्यात त्या पडण्याला मान आहे. म्हापसा, मडगावला कितीतरी दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात, ती साडेतीन-चारला उघडतात. या निवांतपणाला तिकडे 'सुशेगाद' म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, अर्थ शांत, स्वस्थ. पोर्तुगीज १९६१ साली गेले, शब्द राहिला.

आपल्याकडे मात्र सुशेगाद म्हणजे आळशी, असं लोक बिनधास्त बोलतात. आम्हाला ते पटत नाही. भल्या सकाळी सायकलवर भोंगा वाजवत दारोदार पाव पोचवणारा पदेर आळशी कसा? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची, सुकी मासळी मांडून बसणाऱ्या बायका आळशी? जहाजांवर नोकरी करून गोवेकर जगभर फिरले. मुंबईत धोबीतलावाजवळ त्यांच्या गावागावांच्या 'कूड' होत्या; बोट मिळेपर्यंत माणूस तिथे स्वस्तात राहायचा. कष्ट त्यांनीही उपसले. फक्त जेवण, गाणं, शेजारपाजार यांत घालवलेला वेळ वाया गेला, असं ते मानत नाहीत.

आता दुपारी नक्की कोण झोपतं, हेही बघायला हवं. कालवण करून, भांडी घासून बाईच्या वाट्याला त्यातली किती झोप येते, असं लेकींना विचारलं तर त्या नुसत्या हसतात.

हा विषय निघाला कोकमांवरून. मुंबईच्या एका दुकानदाराने यंदा आमसुलांची तिप्पट ऑर्डर देऊ केली. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. फळं फोडायची, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. बोटं लाल होतात, चिरांत खारट रस झोंबतो. तिप्पट माल म्हणजे दुपार गेली, आणि लग्नसराईही गेली.

एक जण म्हणाली, घ्यायचीच. तिची मुलगी नर्सिंगला जायची आहे, फी भरायची आहे. तिला हावरी कोण म्हणेल? दुसरी साठीची. ती म्हणाली, चाळीस वर्षं राबले, आता मे महिन्यात नातवंडांबरोबर बसून फणस खाऊ दे. तिलाही कामचुकार म्हणवत नाही.

दोन बैठका वाद चालला, रुसवेफुगवे झाले. शेवटी ठरलं ते असं: दुप्पट मालाला हो म्हणायचं. दुपारी एक ते तीन कोयत्याला हात लावायचा नाही. ज्यांना जास्त कमवायचंय त्यांनी जादा पाळी घ्यावी, मजुरी किलोवर. नर्सिंगवालीच्या आईने पहाटेची पाळी मागून घेतली. साठीच्या काकींनी वाळवणाची राखण घेतली. मांडवात खाट टाकून, नातवंडांसकट.

दुकानदाराला तसं कळवलं आहे. त्याचा निरोप अजून यायचा आहे.